व्हेजिटेबलमधले टेबल

दर आठवड्याला या सदराच्या वाट्याला दीड पानाची चाळीतली खोली येते. दिवाळी आली की संपादकमहाशय उदार होतात आणि अंगणासकट वाडा मोकळा करून देतात. मग वर्षभर दप्तरात पडून राहिलेली वाचकांची पत्रे बाहेर काढायला उसंत मिळते. यंदा त्या गठ्ठ्यात ठाण्याच्या एका भगिनींचे पत्र आहे. पत्र लहान, पण नेमके. बाई मराठी शाळेत शिकल्या, बी.कॉम. झाल्या, हिशेबाच्या कामात कचेरीत त्यांचा हात धरणारे कोणी नाही. चिरंजीव इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत आहेत. परवा जेवताना बाई 'व्हेजिटेबल' म्हणाल्या आणि चिरंजीव खो खो हसले. दुसऱ्याच दिवशी शाळेत पालकसभा होती. बाई गेल्या, दोन तास बसल्या, आणि मुलाच्या गणिताबद्दल जे विचारायचे होते ते न विचारताच परत आल्या. आता त्या आम्हांला विचारतात, या वयात उच्चार सुधारतात का?

सुधारतात, हे आधी सांगून टाकतो. जीभ, ओठ, दात (मग ते कवळीचे का असेनात) आणि एक हातातला आरसा एवढे भांडवल पुरते. पण उपायाकडे वळण्यापूर्वी चिरंजीवांच्या हसण्याचा थोडा समाचार घेऊ. आई त्या शब्दात 'टेबल' म्हणाली म्हणून ते हसले. इंग्रज माणूस त्या शब्दाचे 'व्हेज्-ट-बल्' असे तीन तुकडे करतो, पहिल्यावर जोर देतो आणि उरलेले दोन जवळजवळ गिळून टाकतो. स्पेलिंगात मात्र टी, ए, बी, एल, ई असे चार पायांचे टेबल चक्क मांडून ठेवलेले आहे. ज्या बाईंनी हा शब्द प्रथम पुस्तकात पाहिला, कोणाच्या तोंडून ऐकलाच नाही, त्यांनी समोरच्या टेबलाला टेबल म्हणू नये तर काय पाट म्हणावे? 'कम्फर्टेबल'ची तीच कथा. तेथेही टेबल नाही, 'कम्फ्-ट-बल्' एवढेच. 'कबर्ड' या शब्दात लिहिताना कपही आहे आणि बोर्डही आहे, कारण मुळात ती कप ठेवायची फळीच होती. बोलताना मात्र दोन्ही गुप्त. 'ब्रेकफास्ट' म्हणजे उपास मोडणे, आपले पारणेच म्हणा ना. पण तोंडाने 'ब्रेक्-फस्ट'. त्यातला 'फास्ट' कोणी उच्चारीत नाही. असे शब्द डोळ्यांना दिसले तसे म्हणणारा मनुष्य वाचणारा असतो, हे चिरंजीवांच्या कानांवर घालावे.

इंग्रजी स्पेलिंग असे बेइमान का झाले, याची हकीकत मोठी मौजेची आहे. विल्यम कॅक्स्टनने इ.स. १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. छापखाना आला की अक्षरे हळूहळू ठरून जातात. पण नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे साधारण इ.स. १४०० ते १७०० या तीन शतकांत, इंग्रजांच्या तोंडातले दीर्घ स्वर एकामागून एक जागा बदलीत होते. 'टाइम' हा शब्द पूर्वी 'तीम'सारखा, 'हाऊस' हा 'हूस'सारखा उच्चारीत. स्वर पुढे निघून गेले आणि स्पेलिंग जुन्याच घरात राहिले. बिऱ्हाड बदलले तरी दारावरची पाटी तीच, असा हा मामला. 'नाइफ' आणि 'नी' यांच्या आरंभीचा के तर सतराव्या शतकापर्यंत बोलला जात होता. जर्मन लोक आपल्या गुडघ्याला आजही 'क्नी' असेच म्हणतात.

त्यात भर घातली पंडितांनी. 'डेट' म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे लॅटिनचे अभिमानी विद्वान म्हणाले, मूळ लॅटिन शब्दात ब आहे, तेव्हा तो दिसलाच पाहिजे. झाले! बी येऊन बसला, पण त्याला कोणी बोलू दिले नाही. 'डाउट'मधला बी तसाच. 'रिसीट'मधला पी तसाच. आणि गंमत अशी, की त्याच घराण्यातल्या 'डिसीट'ला मात्र पी मिळाला नाही. 'आयलंड'मधल्या एसची गोष्ट तर याहून वाईट. त्याचा मूळ शब्दाशी काडीचा संबंध नव्हता. शेजारच्या दुसऱ्या शब्दात एस दिसला म्हणून इथेही घातला. तेव्हा पावतीला 'रिसिप्ट' म्हणणाऱ्या कारकुनाला हसायचे असेल तर आधी त्या पंडितांना हसावे लागेल.

या गोंधळाची थट्टा करणारे एक जुने कोडे आहे. जी, एच, ओ, टी, आय ही अक्षरे कशी वाचावी? 'इनफ'मधला जीएच म्हणजे फ, 'विमिन'मधला ओ म्हणजे इ, 'नेशन'मधला टीआय म्हणजे श, एकूण 'फिश'! आपण मराठी माणसे या अक्षरांना इगतपुरीजवळची घोटी म्हणून मोकळे होऊ. हे कोडे बर्नार्ड शॉच्या नावावर सर्रास खपवले जाते, पण ते १८५५ सालच्या एका पत्रात सापडते, आणि शॉसाहेब जन्मले १८५६ साली. तरी शॉचे नाव त्याला चिकटले यात नवल नाही. उच्चारावरून माणसाची जात ठरवणाऱ्या समाजाची टर उडवणारे 'पिग्मॅलियन' नाटक त्यांचेच. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी त्याचे 'ती फुलराणी' केले, १९७५ साली, हे वाचकांना सांगायला नकोच.

आणि खुद्द साहेबाला तरी आपल्या उच्चारांची खात्री होती का? बी.बी.सी.ने १९२६ साली खास समिती नेमली होती, रेडिओवरच्या निवेदकांनी कोणता शब्द कसा म्हणावा हे ठरवायला. अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस. त्यांच्यामागून १९३० साली शॉ. घरच्या मंडळींना समिती लागली, तर ठाण्याच्या बाईंनी संकोच का करावा?

आता आपल्या बाजूकडे येऊ. मराठीत इंग्रजी शब्द दोन वाटांनी आले, कानाच्या आणि डोळ्याच्या. कानाच्या वाटेने आलेले पाहा. 'कर्नल' हा शब्द इंग्रजीत सी, ओ, एल, ओ, एन, ई, एल असा लिहितात. वाचून शिकलो असतो तर आपण जन्मभर 'कोलोनेल' म्हणत राहिलो असतो. पण पलटणीतल्या शिपायाने तो ऐकला, आणि 'कर्नल' हा अचूक उच्चार मराठीत रुजला. 'लेफ्टनंट'मध्ये एफ औषधालाही नाही, तरी साहेब 'लेफ्टनंट' म्हणे म्हणून आपणही तसेच म्हणतो. निरक्षर शिपायाचे उच्चार असे बिनचूक आणि पदवीधरांच्या तोंडी 'रिसिप्ट'! याचे कारण पदवीधरांची विद्या डोळ्यांची होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या पोसल्या, त्यांचे व्याकरण लोखंडी कांबीसारखे पक्के असे. अर्ज लिहावा तर त्यांनीच. पण पुस्तकाला तोंड नव्हते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तरी ऐकण्यापेक्षा उतरवून घेण्यावरच पुष्कळ वर्गांत भर राहिला, असे आमचे मत आहे.

डोळ्यांची वाट ही एक अडचण. दुसरी अडचण खुद्द मायबोलीच्या सवयींची, आणि ही समजली की अर्धे काम झाले. मीठ, पीठ, दूध, फूल, ऊन हे शब्द पाहा. शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याच्या आधीची इ किंवा उ मराठी माणूस दीर्घ करतो. शाळेत हा शुद्धलेखनाचा नियम म्हणून शिकवतात. खरे म्हणजे तो आपल्या जिभेचा स्वभाव आहे. म्हणून 'टिकिट'चे 'तिकीट' झाले, 'बिल'चे 'बील' झाले आणि 'टिप'ची 'टीप'. मराठीत त्याने काहीच बिघडत नाही. पण इंग्रजीत 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढरू. 'फुल' म्हणजे भरलेला आणि 'फूल' म्हणजे मूर्ख. "हॉल फुल आहे" असे इंग्रजीत सांगताना उ लांबला, तर सभागृहाची बदनामी होते. येथे ऱ्हस्व इ म्हणजे नुसती आखूड ई नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ओठ ताणून 'ई' म्हणा, मग ओठ सैल सोडा आणि जबडा किंचित खाली आणा. तो ढिला आवाज म्हणजे 'शिप'मधली इ.

व आणि व्ह यांचा घोळही असाच. आपल्याकडे व एकच, आणि तो इंग्रजीच्या दोन आवाजांच्या मधोमध बसतो. त्यामुळे 'वाइन' आणि 'व्हाइन', म्हणजे दारू आणि वेल, आपल्या तोंडून एकाच पेल्यातून बाहेर पडतात. आरसा घ्या. वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि भुंग्यासारखे गुणगुणा, हा व्ही. आपण तो 'व्ह' असा लिहितो म्हणून त्यात ह आहे असे समजून पुष्कळ लोक धाप टाकतात. तसे करू नये. डब्ल्यूला दात लागतच नाहीत. शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करा, 'उ' म्हणायला सुरुवात करा आणि चटकन पुढच्या स्वरावर उडी मारा. 'उ-एस्ट' पटकन म्हटले की 'वेस्ट' झाले. आठ दिवस स्वयंपाक करता करता हा उद्योग करावा. घरचे लोक काय म्हणतील ते म्हणोत.

झेडबाबत मराठी माणसाला वाटते आपण राजे आहोत, कारण आपल्याकडे 'जवळ'मधला ज आहे. पण त्या 'ज'च्या आरंभी जीभ दातांमागे क्षणभर चिकटते. झेडमध्ये ती चिकटत नाही. लांबलचक 'स्स्स' म्हणा, गळ्यावर बोटे ठेवा आणि आवाज न तोडता गळ्यात कंप आणा. तो 'झू'चा झेड. हीच युक्ती 'श'वर केली, म्हणजे 'श्श्श' म्हणता म्हणता गळा गुणगुणायला लावला, की 'मेझर', 'प्लेझर', 'व्हिजन' या शब्दांतला तो अनोळखी आवाज हाती येतो. त्याला मराठीत अक्षरच नाही, म्हणून आपला 'मेझर' म्हणजे माप आणि 'मेजर' म्हणजे लष्करी अंमलदार एकाच गणवेशात वावरतात.

आणखी एक बारकी गोष्ट, जी शिकवण्या घेणारे मास्तरही सहसा सांगत नाहीत. 'पिन', 'पार्क', 'पेन' या शब्दांच्या आरंभी पी म्हणताना इंग्रज माणूस हवेचा एक छोटा झोत सोडतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरला तर तो हलतो. आपला प कोरडा असतो, त्यामुळे साहेबाच्या कानाला आपली 'पिन' कधी कधी 'बिन' अशी ऐकू येते. टी आणि के यांचेही तसेच. आपण ज्याला फ, ख म्हणतो त्याच्या वाटेवर निम्मे जायचे आणि थांबायचे.

पण या सगळ्यांहून मोठी बाब म्हणजे जोर. मराठीत आपण अक्षरे पंगतीतल्या पानांसारखी वाढतो, प्रत्येकाला सारखे. इंग्रजीत एक अक्षर नवरदेव आणि बाकीची वऱ्हाडी. 'हॉटेल' आपण पहिल्यावर वाजवतो, तो शब्द इंग्रजीत 'हो-टेल' असा दुसऱ्यावर वाजतो. 'डेव्हलप'चा जोर 'व्हे'वर, 'कमिटी'चा 'मि'वर. 'फोटग्राफ' म्हणताना पहिल्यावर, पण तोच छायाचित्रकार झाला की 'फ-टॉ-ग्र-फर' असा दुसऱ्यावर सरकतो. आणि ज्यांच्यावर जोर नाही ते स्वर काय होतात? ए असो, ई असो, ओ असो, बहुतेक सगळे विरघळून 'अ' होतात. 'बनाना'मध्ये तीन ए दिसतात. आवाज मात्र मधल्याचाच, बाकीचे दोन 'अ'. इंग्रजीत सर्वांत अधिक ऐकू येणारा स्वर हाच, आणि रोमन लिपीत त्याला स्वतःचे अक्षर नाही. आपल्या वर्णमालेचा तर तो श्रीगणेशा! मराठी माणसाच्या पदरात ही देणगी जन्मतः पडलेली आहे, फक्त स्पेलिंगाच्या धाकाने तो ती वापरीत नाही. 'डॉक्टर', 'टीचर', 'कम्फ्टबल' यांच्या शेपटीला निःशंक अ लावावा.

भूतकाळाच्या ईडीबद्दल एवढेच, की प, फ, क, स, श, च या आवाजांनंतर ती 'ट' होते: 'वॉक्ट', 'वॉश्ट'. ट किंवा ड नंतर 'इड': 'वॉन्टिड'. एरवी ड.

आता थोडे न करण्याविषयी. आपला ट इंग्रजांच्या टीपेक्षा कणखर आहे, तो तसाच राहू द्यावा. 'कार'मधला आर दक्षिण इंग्लंडात गिळतात, अमेरिकेत वाजवतात, आपणही वाजवावा. 'शेड्यूल' म्हणा की 'स्केड्यूल', पहिले विलायती आणि दुसरे अमेरिकन, दोन्ही शुद्ध. एका वाक्यात दोन्ही वापरू नयेत म्हणजे झाले. कानडी माणसाचे मराठी कानडी वळणाचे असले म्हणून आपण त्याला नावे ठेवीत नाही, मग आपल्या इंग्रजीला मराठी वळण असले तर कोणाचे काय गेले? ऐकणाऱ्याला दुसराच शब्द ऐकू येत असेल तर तेवढे सुधारावे. बाकी, तीन आठवडे न्यू जर्सीला भाच्याकडे राहून परत आलेले सद्गृहस्थ नळाच्या पाण्याला 'वॉडर' म्हणू लागतात, त्यांच्या वाटेने जाऊ नये.

हसणाऱ्या चिरंजीवांकडे मात्र पुन्हा एकदा वळणे भाग आहे. त्यांना 'चमचा' हा शब्द म्हणायला सांगावा. आमच्या आळीतली इंग्रजी शाळेतली बरीच मुले त्यातले दोन्ही च 'चहा'तल्या चसारखे म्हणतात. मराठीत ते 'चांदोबा'तले च आहेत. अनेकवचनात 'चमचे' झाले की मात्र दुसरा च बदलतो. लिहायला अक्षर एकच! पुढे विचारावे, "पाण्याचा जग" आणि "सारे जग" यांतले दोन ज वेगळे कसे? छापलेल्या अक्षरांत काही खूण आहे का? मुलाला उत्तर सुचले नाही तर हसू नये. हे त्याच्या कानावर कोणी घातलेच नसेल, तर त्याचा काय दोष? मग आईने त्याला 'चमचा' शिकवावा आणि त्याने आईला 'व्हेज्टबल' शिकवावे, जेवणाच्या वेळीच, दोन्ही वस्तू समोर असतात तेव्हा. पालकसभेत मात्र आधी गणिताचे विचारावे, वाटल्यास मराठीत विचारावे.

सुदैवाने आताचे दिवस तर्खडकरांच्या दिवसांपेक्षा सोयीचे आहेत. पुस्तकाला तोंड फुटले आहे. डॅनिएल जोन्स या पंडिताने १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा कोश छापला, तेव्हा उच्चार कळण्यासाठी आधी त्याच्या खुणा शिकाव्या लागत. आता खिशातल्या मोबाइलवरच्या शब्दकोशात शब्द लिहावा, शेजारच्या कर्ण्याच्या चित्रावर बोट ठेवावे, की शब्द बोलून दाखवतो, तोही विलायती आणि अमेरिकन अशा दोन गळ्यांतून. त्यांतला एक निवडावा. आठवड्याला दहा शब्द पुरेत, आणि तेही आपल्या रोजच्या वापरातले: दवाखान्यातले, बँकेतले, मुलाच्या शाळेतले. वही घालावी आणि शब्द देवनागरीत लिहून जोराच्या अक्षराखाली रेघ मारावी. 'बॅट' आणि 'बॉल' यांसाठी आपण ॲ आणि ऑ ही अक्षरे केव्हाच घडवली. महाराष्ट्र शासनाने २००९ साली त्यांना वर्णमालेत रीतसर बसवलेही आहे. रोमन लिपीपेक्षा या वहीत उच्चार पुष्कळ बरा मावतो. पण आधी ऐकायचे, मग लिहायचे, हा क्रम मोडू नये.

जाता जाता, लेकाकडे किंवा लेकीकडे विलायतेला निघालेल्या आजी-आजोबांसाठी चार नावे. 'थेम्स' नव्हे, टेम्स. 'एडिनबर्ग' नव्हे, एडिंबरा. 'ग्रीनविच' नव्हे, ग्रिनिच. 'लीसेस्टर' हे लेस्टर, 'ग्लाउसेस्टर' हे ग्लॉस्टर आणि 'वॉरसेस्टर' हे वुस्टर. क्रिकेटचे धावते समालोचन ऐकणाऱ्या आजोबांना यांतली निम्मी नावे आधीच बिनचूक येत असतील, त्यांनी ती आजींना गाडीतच सांगून ठेवावी. वुस्टरशर परगण्याच्या नावाचा एक काळपट, आंबट सॉस बाटलीत मिळतो. दुकानात तो मागताना जीभ अडखळली तर बिचकू नये. पूर्ण नाव घ्यायचा इंग्रजांनाही कंटाळा. तेही 'वुस्टर सॉस' म्हणतात आणि पैसे मोजून बाहेर पडतात.